शाळेतला जहाजाचा नांगर खरवडायला कोण येतंय?

भोसरीचा_फिटर
लिहायचा सराव नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. शुद्धलेखनवाले येतीलच, त्यांना चहा माझ्याकडून.

चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मुलगा अमेरिकेत ऑल्बनीला असतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. पंधरा दिवस हिंडण्यात गेले. मग मुलगा-सून कामावर, नात पाळणाघरात आणि मी सोफ्यावर. घरातल्या सगळ्या बिजागरींना तेल घालून झाल्यावर ही म्हणाली, आता शेजाऱ्यांच्या दारांना हात लावू नका, पोलीस येतील.

त्या गावात हडसन नदीवर यूएसएस स्लेटर नावाची जुनी युद्धनौका बांधून ठेवलेली आहे. १९४४ सालची, ३०६ फूट लांब. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांच्या तांड्यांना जर्मन पाणबुड्यांपासून राखायला अमेरिकेने असल्या लहान नौका पाचशेच्या वर बांधल्या. डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट म्हणतात. बाकीच्या बहुतेक कधीच भंगारात गेल्या. ही वाचली कारण १९५१ मध्ये ती ग्रीसला देऊन टाकली होती. तिथे ती चाळीस वर्षं राबली, १९९३ मध्ये परत आणली आणि १९९७ पासून ऑल्बनीत आहे. त्या जातीतली अजून पाण्यावर तरंगणारी अमेरिकेत ही एकच.

नातीला घेऊन बघायला गेलो. गाइड चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स तोफेबद्दल सांगत होता (होय, तेच बोफोर्स, कंपनी जुनी आहे). माझं लक्ष तिकडे नव्हतंच. बाजूला एक सत्तरीचा गडी लोखंडी दाराच्या बिजागरीतली अडकलेली पिन हातोडीने ठोकत बसला होता आणि पिनेचं डोकं फुलवत होता. फुललेली पिन जन्मात बाहेर येत नाही. माझ्याच्याने राहवलं नाही. खुणेने सांगितलं, थांब, उलट्या बाजूने तेल सोड, आजूबाजूला शेक दे आणि मग पितळी ड्रिफ्टने (पिन ठोकून काढायचा दांडा) मार. वीस मिनिटांत पिन खाली. तो आयुष्यभर टपाल खात्यात होता. त्याने मला विचारलं, शनिवारी काय करतोस?

पुढचे अडीच महिने मी शनिवारी काय केलं ते सांगतो. खरवडलं.

पहिल्या दिवशी हातात नीडल गन दिली. हवेवर चालते, तोंडातून दाभणाएवढ्या जाड सुयांचा जुडगा मागेपुढे ठोकत असतो. मिक्सरमध्ये खिळे टाकल्यासारखा आवाज. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला गाळणीचा मास्क. अख्ख्या दिवसात किती जागा साफ झाली? आपल्या दोन जेवणाच्या ताटांएवढी. मला वाटलं शिव्या बसणार. तो टपालवाला येऊन बघून म्हणाला, छान, आता चार वाजायच्या आत प्रायमर (रंगाखालचा गंजरोधक थर) मार. उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. खरवडलेलं त्याच दिवशी झाकता येईल तेवढंच खरवडायचं.

रंगाचे थर मी मोजले. राखाडी, परत राखाडी, हिरवट, मळका पांढरा, परत राखाडी आणि सगळ्यात खाली शेंदरी. आपल्याकडे मारुतीची शेंदराची खोळ निघते ना, तशी एका जागी अख्खी ढलपी निघाली. आतलं पत्र्याचं अंग स्वच्छ, त्यावर खडूने लिहिलेला एक आकडा. कोणी लिहिला, का लिहिला, कोणाला माहीत नाही. टपालवाल्याने फोटो काढून ठेवला आणि मगच प्रायमर लावू दिला.

आता मुद्द्यावर येतो. मी ज्या शाळेत शिकलो तिथे फाटकाशी एक मोठा लोखंडी नांगर आहे, सोबत साखळीच्या सातआठ कड्या. आमच्या आधीपासून आहे. आम्हाला सांगायचे की हा विक्रांत या विमानवाहू नौकेचा नांगर. दर वर्षी २५ जानेवारीला शिपाई त्याला चंदेरी रंग फासतो. परवा बघितलं तर रंगाखालून गंजाचे फुगे आलेत, एका दांड्यावर बोट दाबलं तर पापुद्रा आत गेला. मुख्याध्यापिका बाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, करा, पण शाळेकडे पैसे नाहीत आणि मुलांना काही लागायला नको.

कोण येतंय? रविवारी सकाळी. माझ्याकडे ग्राइंडर आहे, चिपिंग हातोड्या दोन आहेत.

अनुस्वार
उत्तम लिहिलंय. ‘बिजागरींना’ चुकीचं नाही, पण पुण्यात ‘बिजागऱ्यांना’ म्हणतात. चहा साखर कमी.

तो नांगर विक्रांतचा नसावा. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. तुम्ही शाळेत होता तेव्हा ती चालती नौका होती आणि चालत्या नौकेचा नांगर कोणी शाळेला देत नाही.

भोसरीचा_फिटर
हे डोक्यातच आलं नव्हतं. पन्नास वर्षं मी लोकांना विक्रांतचा म्हणून सांगतोय.

व्ही_पंधरा
अनुस्वार, तसे पुण्यात विक्रांतचे तुकडे भरपूर फिरतायत. माझ्याकडे आकुर्डीवाल्या बजाजची व्ही१५ मोटारसायकल आहे, २०१६ ची. विक्रांत तोडली तेव्हा त्यातलं लोखंड विकत घेऊन त्यांनी या गाडीत वापरलं. बायको रोज सकाळी म्हणते, विक्रांत घेऊन जा आणि कोथिंबीर आणा.

रविवारी मी येतो. मला काही येत नाही, पण झाडता येतं.

जुना_दर्यावर्दी
वरचा विनोद वाचून हसलो आणि मग जेवताना घास गेला नाही.

मी नौदलात आर्टिफिसर, म्हणजे तंत्रज्ञ, होतो. शिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, नंतर ऐंशीच्या दशकात काही काळ विक्रांतवर. तेव्हा ती म्हातारीच होती. तिचा सांगाडा १९४३ मध्ये इंग्लंडात सुरू झाला होता, युद्ध संपल्यावर तसाच पडून राहिला, मग आपण तो घेतला आणि १९६१ मध्ये ती नौदलात आली. १९७१ ला तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. त्याला बाजूला ठेवून तीन बॉयलरवर तिला बंगालच्या उपसागरात नेली आणि सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार इथे हल्ले केले. आमच्या वेळचे जुने स्टोकर (बॉयलर सांभाळणारे) त्या बॉयलरबद्दल घरातल्या दुखणाईत माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

निवृत्तीनंतर ती मुंबईत संग्रहालय म्हणून होती, २००१ पासून. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद केली. लिलाव झाला, साठ कोटींना गेली. लोक कोर्टात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईतच दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात, तिथे तोडायला घेतली. माझे दोन मित्र बघायला गेले होते. मी गेलो नाही.

फिटरसाहेब, तुमचं ताटाएवढं काम वाचून एक सांगावंसं वाटलं. विक्रांत वाचवा म्हणून सह्या करणारे हजारो होते, मीही केली. पण त्या अकरा वर्षांत तिच्यावर रविवारी जाऊन दोन ताटांएवढं खरवडलेला एकही नागरिक मला माहीत नाही. दोष त्यांचा नाही. तशी सोयच नव्हती. ती नौदलाच्या गोदीत, आत जायला पास लागणार, वर्षातून थोडे दिवस लोकांना दाखवायची. बाहेरच्या माणसाने हात लावायचा ही कल्पनाच आपल्याकडे नाही. नौदलातल्या पोरांनीच तिची निगा राखली, त्यांना चालत्या नौकांचं काम सोडून.

सहज_सुचलं
भावना बाजूला ठेवून बोलू का? सोळा हजार टनांची विमानवाहू नौका आणि ३०६ फुटांचं जहाज यांची तुलना कशी करता? विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचंही तेच झालं. राज्य सरकारने २०१८ मध्ये ८५२ कोटींच्या प्रस्तावाला मान्यता दिली, निवतीजवळ संग्रहालय करणार म्हणून. शेवटी कोणी पैसे घातले नाहीत आणि २०२० मध्ये ती गुजरातेत अलंगला तोडायला गेली. ८५२ कोटींत किती शाळांची गळकी छपरं नीट होतील? आणि स्वयंसेवक ब्रश घेऊन काय करणार, बुडाचा पत्रा बदलणार?

भोसरीचा_फिटर
बुडाचा पत्रा स्वयंसेवक बदलत नाहीत, बरोबर आहे. स्लेटरला २०१४ आणि २०२० मध्ये ओढून स्टेटन आयलंडच्या सुक्या गोदीत नेलं होतं, ते काम गोदीवाल्यांचं आणि त्याला भरपूर पैसे लागले. ते देणग्यांतून उभे केले. पण देणगी कोण देतं? ज्याने नातवाला घेऊन जाऊन बघितलंय की तिथे आठ-दहा म्हातारे गुडघ्यांवर बसून खरवडतायत, तो देतो. मीही दिली, थोडीशी. हिला सांगितलेलं नाही, इथे वाचत नाही ती.

जुना_दर्यावर्दी
सहज_सुचलं, मोठ्या नौका तिकडेही जड जातात. १९१४ ची टेक्सस ही बॅटलशिप इतकी गळायला लागली होती की पंप सतत चालू ठेवायला लागायचे. २०१९ मध्ये टेक्सस राज्याने साडेतीन कोटी डॉलर दिले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिला गॅल्व्हस्टनला गोदीत नेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बफेलोला द सलिव्हन्स ही विनाशिका बांधल्या जागीच पाणी भरून कलंडली. तेव्हा अमेरिकेत सगळं आलबेल आणि आपल्याकडेच करंटे असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे जे टिकलंय ते बघा. विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी २००२ पासून संग्रहालय आहे. ती का टिकली? पाण्यातून काढून वाळूवर आणून ठेवली म्हणून. आत माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात, ते तिला आपल्या घरासारखी ठेवतात. कारवारला चपळ ही क्षेपणास्त्र नौकासुद्धा किनाऱ्यावर आहे. लहान नौका, जमिनीवर.

कोकणस्थ_नव्हे
चपळ म्हणजे १९७१ ला कराचीवर हल्ला केला तीच ना? आम्ही गोव्याहून येताना पाहिली, तिथल्या एकाने तसं सांगितलं.

अनुस्वार
नाही. कराचीवर गेलेल्या निर्घात, निपात, वीर आणि नंतर विनाश. चपळ त्याच कुळातली पण पुढच्या पिढीतली, नौदलात आली १९७६ मध्ये. जन्माआधी पराक्रम करायला ती काही अभिमन्यू नव्हे.

(आणि अभिमन्यूनेही गर्भात फक्त ऐकलं होतं.)

रापण
पुण्यात राहतो, मूळ मालवणचा. इकडे आमच्या बाजूला वेगळंच चाललंय. गुलदार ही नौदलाची जुनी नौका, रणगाडे-सैनिक किनाऱ्यावर उतरवायची, पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ ची. २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झाली. तिला निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. म्हणजे डुबकी मारून बघायचं, आणि वर प्रवाळ-मासे यांना घर. बुडवायच्या आधी आतलं तेल, वायरी, विषारी रंग सगळं काढायला लागतं. माझा काका म्हणतो, “बुडवूचीच आसा तर साफ कित्याक करतत?” त्याला समजावता समजावता माझी सुट्टी संपली.

मला ही कल्पना वाईट वाटत नाही. गंजूच द्यायचं असेल तर निदान मासे तरी राहू देत.

मीठभाकर
मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडं रुक्ष बोलते. आणि फिटरकाका, तुम्ही रविवारी ग्राइंडर चालू करायच्या आत हे वाचा.

तुमचा तो खालचा शेंदरी थर म्हणजे खरोखरच शेंदूर. रेड लेड. शिशाचं ऑक्साइड. लोखंडावर गंजरोधक म्हणून जगभर तोच लावायचे, आपण देवाला लावत आलो तो हाच. जहाजावर तुम्हाला मास्क देऊन बसवलं ते उगाच नाही. शाळेच्या नांगरालाही खाली शेंदूर असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्यावर ग्राइंडर फिरवलात तर शिशाची धूळ सगळ्या मैदानावर बसेल, आणि सोमवारी तिथे पहिलीची मुलं बसून डबा खातील. लहान मुलांना शिसं फार वाईट, मेंदूवर परिणाम होतो.

तेव्हा आधी एक चिमूटभर पापुद्रा कागदात बांधून मला द्या. सोडियम सल्फाइडचा थेंब टाकला की शिसं असेल तर काळं पडतं. असलं तर सुकं खरवडायचं नाही. पाणी फवारत, हाताने, खाली जाड प्लास्टिक अंथरून आणि निघालेला कचरा डब्यात बंद करून. झाडू नको, म्हणजे व्ही_पंधरा यांना दुसरं काम शोधा. मुलांना त्या दिवशी आत सोडायचं नाही.

आता तुमच्या फुग्यांबद्दल. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरचा रंग ढकलून फुगतो. गंजावरच चंदेरी रंग मारला की आत ओल आणि मीठ कोंडलं जातं. समुद्रातून आलेल्या वस्तूत मीठ गंजाच्या भोकाभोकांत बसलेलं असतं. पन्नास वर्षं पुण्यात राहिलं म्हणून जात नाही. त्यामुळे खरवडल्यावर गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवायचं, लगेच कोरडं करायचं, मग प्रायमर.

जहाजांना बुडाशी जस्ताचे ठोकळे लावतात. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचतं. गोड्या पाण्यात जस्त तितकं काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम बरं. सगळ्यात वाईट झिजतो तो पाण्याच्या रेषेचा पट्टा, कधी ओला कधी सुका. तुमचा नांगरही तिथेच खंगला असेल जिथे पावसाचं पाणी साचून राहतं.

भोसरीचा_फिटर
ताई, बरं झालं बोललात. मी खरंच ग्राइंडर घेऊन निघालो असतो. उद्याच पापुद्रा आणून देतो. कुठे येऊ?

मीठभाकर
निरोप पाठवलाय. डबीतून आणा, खिशातून नको.

तटबुरूज
आम्ही काही जण दर पंधरा दिवसांनी गडावर जातो, टाक्यांतला गाळ काढतो, पायऱ्यांवरची झाडं काढतो. अनुभवाचे बोल : आधी कागद करा. बाई तोंडी हो म्हणाल्या, उद्या संस्थेतले कोणी येऊन म्हणतील, कोणी परवानगी दिली? आमच्या एका कामात गाळाच्या चौदा पाट्या वर आल्यावर काम थांबवायला लागलं, कारण पत्र ज्यांच्या नावाने हवं होतं त्यांच्या नावाने नव्हतं. कोणाचं नाव घेत नाही, ते गृहस्थ नंतर स्वतः घमेलं उचलायला आले होते.

अजून एक. कामाआधीचे फोटो, चारी बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. उत्साहात सगळे विसरतात.

फिटरकाका, त्या जहाजावरचं अजून सांगा ना. गडावर दगड निदान थांबून राहतो. पावसाळ्यात नाही गेलो तर दिवाळीत जातो.

भोसरीचा_फिटर
एक सांगतो, मला सगळ्यात आवडलेलं.

जहाजावर दारं पाणी अडवणारी असतात. चौकटीला लोखंडी धार असते आणि दाराला कडेने रबराची पट्टी. दार लावून खिट्ट्या पिळल्या की धार रबरात रुतते. आता हे दार खरंच पाणी अडवतं का, ते कसं बघायचं? मला वाटलं काहीतरी यंत्र असेल. टपालवाल्याने खिशातून खडू काढला. शाळेतला पांढरा खडू. चौकटीच्या धारेला सगळीकडून घासला, दार लावलं, खिट्ट्या पिळल्या, उघडलं. रबरावर पांढरी रेघ उमटली होती. रेघ जिथे अखंड तिथे दार बसतंय. जिथे तुटली तिथून पाणी येणार.

आमच्या दाराची रेघ खालच्या बिजागरीपाशी चार बोटं तुटली होती. मी दोन शनिवार त्या चार बोटांवर घालवले. धार कानशीने घासली, बिजागरीखाली पत्र्याची चकती घातली, परत खडू, परत दार, परत रेघ. दुसऱ्या शनिवारी दुपारी रेघ पूर्ण उमटली. ते दार परत कधी समुद्र बघणार नाही, नदीत बांधलेलं जहाज आहे. तरी तो टपालवाला खाली जाऊन अजून दोघांना बोलावून आला, रेघ दाखवायला. चौघं आम्ही त्या रेघेकडे बघत उभे. टूलरूममध्ये मायक्रॉनमध्ये काम केलंय मी, कोणी बघायला आलं नव्हतं.

व्ही_पंधरा
हे भारी आहे. आज घरी फ्रिजच्या दाराला खडू लावून बघितला. रेघ तुटली. बायको म्हणते फ्रिज नवीन घ्या.

सहज_सुचलं
खडूचं वाचून मी थोडा विरघळलो, पण मत तेच आहे. शाळेच्या नांगरासाठी मात्र मला काही हरकत नाही, तो आहेच तिथे. प्रायमरचा डबा माझ्याकडून. इपॉक्सीवाला की साधा?

मीठभाकर
दोन घटकांचा इपॉक्सी, जस्त असलेला मिळाला तर उत्तम. मिसळल्यावर काही तासांतच घट्ट होतो, तेव्हा लागेल तेवढाच कालवा.

चाचणीचा निकाल : काळं पडलं. शिसं आहे. वरच्या चंदेरी थरात काळं पडलं नाही, खालच्या शेंदरीत पडलं. म्हणजे ओलं खरवडायचं आणि हाताने. ग्राइंडर घरी.

जुना_दर्यावर्दी
मी येतो. गुडघे गेलेत, स्टूल घेऊन येतो. चिपिंग हातोडी मला द्या, ती अजून हातात बसते.

अवांतर, पण सांगून टाकतो. इंग्लंडात हार्टलपूलला ट्रिंकोमाली नावाची शिडाची युद्धनौका आहे, अजून पाण्यावर आहे. बांधली कुठे? आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडियांनी, १८१७ साली, मलबारच्या सागवानात. पेशवाई बुडायला एक वर्ष होतं तेव्हा ती पाण्यात उतरली. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं तिच्या दुरुस्तीत घातली त्यांनी. तिचं लाकूड इतकी वर्षं टिकलं त्याचं श्रेय सागवानाला देतात.

अनुस्वार
पेशवाई जून १८१८. ट्रिंकोमाली ऑक्टोबर १८१७. वर्षाला चार महिने कमी. पण दर्यावर्दी, मान्य. शनिवारवाडा जळाला १८२८ ला, त्याचं सागवान कुठे राहिलं.

मीही येतो रविवारी. फोटो आणि मोजपट्टी माझ्याकडे.

भोसरीचा_फिटर
पहिल्या रविवारचा अहवाल.

आलो सात जण. तटबुरूज यांनी पत्र बाईंच्या आणि संस्थेच्या, दोघांच्या सहीने करून आणलं होतं. मीठभाकर ताईंनी सगळ्यांना मास्क आणि हातमोजे वाटले आणि तिथे बसून कोणालाही चहा पिऊ दिला नाही, फाटकाबाहेर जाऊन हात धुऊन मगच. दर्यावर्दी स्टुलावर बसले आणि त्यांचा हात चालायला लागल्यावर बाकीच्यांनी काम थांबवून बघितलं. हातोडी उचलत नाहीत, नुसती मनगटातून पडू देतात, ठक ठक ठक, आणि पापुद्रा जागच्या जागी सुटतो. मी जोर लावून मारत होतो. ते म्हणाले, साहेब, लोखंडावर राग काढू नका.

साखळीच्या कड्या सोडून फक्त नांगराचा उभा दांडा घेतला. तीन तासांत हातभर. चंदेरीचे थर अनुस्वार यांनी मोजायला घेतले आणि एकवीसला हिशोब चुकल्यावर सोडून दिले. मधे एक निळा थर लागला. मला आठवलं. आम्ही सातवीत असताना एकदा नांगर निळा होता! कोणालाच आठवत नव्हतं, मलाही नव्हतं.

मग बोटभर खोलगट अक्षरं लागली. दर्यावर्दींनी ओल्या फडक्याने पुसली. पाच, आडवी रेघ, दोन, आडवी रेघ, शून्य.

जुना_दर्यावर्दी
जुनी ब्रिटिश पद्धत. हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. पाच हंड्रेडवेट म्हणजे ५६० पौंड, दोन क्वार्टर म्हणजे ५६, एकूण ६१६ पौंड. साधारण २८० किलो. विमानवाहू नौकेचा नांगर काही टनांचा असतो. हा टगचा असेल, नाहीतर एखाद्या बार्जचा. गोदीत दिवसभर मोठ्या जहाजांना ढकलत हिंडणारं एखादं.

व्ही_पंधरा
म्हणजे माझ्या गाडीत विक्रांत आहे आणि शाळेच्या नांगरात नाही.

भोसरीचा_फिटर
बाई साडेबाराला बघायला आल्या. आकडा दाखवला, सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मुलांना मी दर वर्षी नौदल दिनाला विक्रांतचं सांगते, आता काय सांगू? दर्यावर्दी म्हणाले, विक्रांतचं सांगाच, आणि मग सांगा की तिला धक्क्यावरून हलवायला असलेच टग लागायचे. बाई म्हणाल्या, पाटीवर काय लिहायचं?

अनुस्वार
मजकूर मी देतो. ‘नांगर. वजन ६१६ पौंड. ब्रिटिश पद्धतीची नोंद. जहाजाचे नाव ज्ञात नाही.’ विक्रांत नको. टगही नको, तो दर्यावर्दींचा अंदाज आहे.

रापण
‘ज्ञात नाही’ काय, मुलं वाचणार आहेत. ‘कोणत्या जहाजाचा, ते शोधा’ असं लिहा.

सहज_सुचलं
रापण +१.

मीठभाकर
पाटी नंतर. दांड्याला प्रायमर लागलाय, खाली जिथे तो मातीत गेलाय तिथे अजून उघडं आहे आणि हवामान खातं बुधवारी पाऊस सांगतंय. कोणीतरी मंगळवारच्या आत जाऊन झाकून या.

भोसरीचा_फिटर
मंगळवारी संध्याकाळी मी जातो. दर्यावर्दी, तुम्हाला वाटेत उचलू का? आणि मातीतला भाग उकरायला छोटी पहार कोणाकडे आहे? माझी पहार धाकट्या भावाने नेली ती गणपतीपासून परत आलेली नाही.